तीनदा जोडलेली क्रेन

मी एक क्रेन आहे. बंदरावर किंवा इमारतीच्या कामावर दिसते तसली अवाढव्य नव्हे. जेवणाच्या टेबलावर ठेवली तर समोर बसलेल्या माणसाच्या हनुवटीला लागेन, एवढीच माझी उंची. भोकांच्या पट्ट्या, खुंट्या, दांडे आणि दातेरी चाकं अशा आठशे बारा प्लास्टिकच्या तुकड्यांची मी बनलेले आहे. मला तीनदा जोडलं गेलं, आणि तिन्ही वेळा एकाच माणसाचा हात होता. त्याला मी दादा म्हणते, कारण त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणते आणि मी हे नाव तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

दादा अकरा वर्षांचा असताना त्याच्या मामाने मला खोक्यातून आणलं. मामा बंदरावर खरी क्रेन चालवायचा. भाच्याच्या हातात खोकं देऊन तो म्हणाला, "घे. तुझा मामा दिवसभर काय करतो ते कळेल तुला."

दादाने चार दिवसांत मला उभी केली. धाकटी तेव्हा सात वर्षांची. तिला एकच काम दिलं होतं: खुंट्या निवडायच्या. काळ्या एका वाटीत, करड्या दुसऱ्या वाटीत.

"दोन रंग कशाला?" तिने विचारलं.

"काळी घट्ट बसते, करडी सैल फिरते. आता बोलू नकोस, मी मोजतोय."

माझ्या पाठीला एक छोटा दांडा होता. तो फिरवला की दोरा गुंडाळला जायचा आणि हूक वर यायचा. आम्ही खोडरबर उचलले, कंगवा उचलला, आईच्या किल्ल्यांचा जुडगाही एकदा उचलला. आम्ही म्हणजे मी आणि दादा. धाकटीला दांड्याला हात लावायची परवानगी नव्हती. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत बसायची. एका दुपारी दादा घरी नव्हता, तेव्हा तिने धीर करून दांडा फिरवला. उलट्या बाजूने फिरवला. दोरा गुंतला, तिने ओढला, आणि तुटला. दादा त्यानंतर नऊ दिवस तिच्याशी बोलला नाही. मुलांच्या जगात नऊ दिवस म्हणजे केवढे, ते मोठ्यांना आठवत नाही.

मग दादाचं नाक वाढलं, आवाज फुटला, गणिताचे क्लास सुरू झाले. एके दिवशी त्याने मला सुटी करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरलं. जोडणीच्या चित्रांचं पुस्तक चार घड्या घालून वर ठेवलं आणि झाकण लावलं. राग नाही, लोभ नाही, जसा हिवाळा गेला की स्वेटर आत ठेवतात तसं.

त्या डब्यात मी पस्तीस वर्षं होते. आईवडिलांचं घर रिकामं केलं तेव्हा डबा धाकटीच्या माळ्यावर गेला. एवढीच काय ती हालचाल.

झाकण उघडलं तेव्हा वर धाकटीचा चेहरा होता. पंचेचाळिशीची बाई, केसांत पांढऱ्या बटा, चष्मा. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. बाटलीवरचं लेबल जरा तिरकं लागलेलं दिसलं तरी तिचा हात आपोआप पुढे होतो. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्या हातामुळेच झालं.

ती डबा घेऊन दादाच्या घरी आली. मी त्याला ओळखलंच नाही आधी. खिडकीशेजारच्या खुर्चीत एक माणूस बसला होता, रेडिओ लावून. पण ऐकत नव्हता.

त्याचं काय झालं होतं, ते मला वहिनीच्या बोलण्यातून कळलं. वहिनी म्हणजे दादाची बायको. ती घरीच शिवणकाम करते आणि तिचं मशीन त्याच खोलीत आहे. दादा सव्वीस वर्षं एका कारखान्यात लेथवर होता. केसाच्या जाडीचा फरक त्याच्या अंगठ्याला कळायचा. मग काचबिंदूने गाठलं. आधी कडेचं दिसेनासं झालं. तो कुणाला बोलला नाही. मान वळवून वळवून भागवत राहिला. एकदा बाजूने येणारी ट्रॉली दिसली नाही आणि तिच्यावरचे सगळे सुटे भाग घेऊन तो जमिनीवर कोसळला. फोरमनने दुसऱ्या दिवशी त्याला मशीनवरून उठवलं, आणि तिसऱ्या दिवशी तो स्वतःच नोकरी सोडून घरी आला. आता उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच त्याला कळायचं. डॉक्टरांनी दिलेली पांढरी काठी दाराआड उभी होती. वर्ष झालं, तिला कुणी हात लावला नव्हता.

"काय आणलंस?" त्याने विचारलं.

"आपली क्रेन."

"टाकून दे."

धाकटीने टाकली नाही आणि वादही घातला नाही. तिने चटई अंथरली, डबा उपडा केला आणि एकटीच जोडायला बसली. तुकड्यांचा खळखळाट झाला तेव्हा दादाने रेडिओचा आवाज वाढवला. थोड्या वेळाने कमी केला. धाकटी एक तुकडा दाबत होती, तो आत जाईना. ती कुंथत होती.

"काळी घेतली असशील," दादा खुर्चीतूनच म्हणाला. "की दांडा घालतेस खुंटीच्या भोकात?"

"दांडाच आहे."

"मग तो फुलीसारख्या भोकात जातो, गोल भोकात नाही. इकडे आण."

त्याने हात पुढे केला. त्या हातात मी पस्तीस वर्षांनी गेले. तळवा जाड झाला होता, बोटांच्या पेरांवर जुने व्रण होते. त्याने पट्टीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. टक, टक, टक. "सात भोकं," तो म्हणाला, आणि चटईवर उतरून बसला.

तेव्हापासून दर रविवारी धाकटी यायला लागली. काळी खुंटी आणि करडी खुंटी तो दोन बोटांत फिरवून ओळखायचा. काळीला अंगावर बारीक कंगोरे असतात, करडी गुळगुळीत. अडचण होती ती पुस्तकाची. त्यात एक शब्द नाही, नुसती चित्रं. धाकटीने चित्र बघून सांगायचं आणि दादाने लावायचं.

"लांब पट्टी घे. तिच्या खालून एक छोटी येते, अशी आडवी."

"अशी म्हणजे कशी? मला तुझा हात दिसत नाही."

"अरे, काटकोनात."

"मग काटकोनात म्हण. कितव्या भोकातून?"

"मधल्या."

"पंधरा भोकांत मधलं आठवं. आकडा सांग बाई, प्रयोगशाळेत पण असंच करतेस का? रक्त मधलं आहे म्हणून?"

वहिनीच्या मशीनचा आवाज एकदम थांबला. ती हसत होती.

तीन रविवारांत माझं बूड तयार झालं, फिरती तबकडी बसली, खांब उभा राहिला, पुढचा हात लागला. जुना दोरा कुजला होता, तर वहिनीने काजं करायचा जाड दोरा दिला. चौथ्या रविवारी धाकटीने नवीनच टूम काढली. जुनी खेळणी आणि सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानातून तिने छोटी मोटर आणि सहा सेलांचा डबा आणला.

"दांडा फिरवून हात दुखतो. हिला मोटर लावू."

दोघांनी मोटर थेट दोऱ्याच्या रिळाला जोडली आणि बटण दाबलं. माझा हूक असा सुसाट वर आला की टोकाच्या कप्पीवर आपटून दोरा तुटला आणि हूक वहिनीच्या शिवायच्या कापडात जाऊन पडला. कुणाला काही कळायच्या आत झालं हे. दादाने विचारलं, "काय झालं?" वहिनी म्हणाली, "तुमची क्रेन माझ्याकडे नोकरी मागायला आली." दादा हसला. पोट धरून हसला. वहिनीने धाकटीकडे पाहिलं आणि मान खाली घालून हुकातून कापड सोडवत राहिली. बराच वेळ सोडवत राहिली.

"वेग मारायला पाहिजे," दादा डोळे पुसत म्हणाला. "लहान गिअरने मोठा फिरवायचा. आठ दात्यांनी चोवीस. वेग तिसरा हिस्सा, जोर तिप्पट. तरी मोटर बंद केली की वजन खाली येईल. त्याला वर्म लागेल, स्क्रूसारखे आटे असलेला. तो गिअरला फिरवतो, पण गिअर त्याला उलटा फिरवू शकत नाही. वजन आहे तिथे राहतं."

ही भाषा या घरात वर्षभर कुणी ऐकली नव्हती.

वर्म बसला. मग नवीच कटकट सुरू झाली, अगदी शब्दशः. वजन लावलं की माझ्या पोटातून कट कट कट असा आवाज यायचा. दादाने माझ्या खांबावर बोट ठेवलं आणि बटण दाबायला सांगितलं. "पट्ट्या फाकतात. फाकल्या की दाते एकमेकांवरून घसरतात. खांब आतून बांधायला हवा." म्हणून त्याने माझा अर्धा खांब सोडला आणि पुन्हा घट्ट बांधायला घेतला.

त्या रविवारी दुपारी तो चहा प्यायला उठला. धाकटी माझ्याजवळ थांबली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, एक पट्टी काढली, एक भोक खाली सरकवून पुन्हा बसवली. हे ती पहिल्यांदा करत नव्हती. दादा हात धुवायला गेला, फोन घ्यायला उठला, की तिचा तो हात पुढे व्हायचा. तिच्या मनात प्रेमाखेरीज काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

दादा चहाचा कप अर्धा टाकून आला. येऊन बसला, नखाने भोकं मोजली. पुन्हा मोजली.

"ही पट्टी तिसऱ्या भोकात आहे."

"हो, बरोबर आहे मग," धाकटी म्हणाली.

"मी चौथ्यात घातली होती. चहा पिताना माझ्या लक्षात आलं की चुकलं, म्हणून उठून आलो. किती वेळा केलंस असं?"

"एक-दोनदा."

"खरं सांग."

धाकटी खोटं मोजू शकत नाही. तिचा पेशाच तसा. "तेवीस," ती म्हणाली.

मशीन थांबलेलं होतं. दादाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे ही मी केलेलीच नाही. मला वाटत होतं, माझे हात अजून शाबूत आहेत. तू मला खेळवत होतीस."

"दादा, मला फक्त वाटलं की तुला त्रास नको."

"कारखान्यात फोरमन हेच म्हणाला होता. ऊठ तू. घरी जा."

ती गेली. जिन्यात तिचं पाऊल मध्येच थांबलेलं मला ऐकू आलं. परत येईल असं वाटलं, पण पावलं खाली उतरत गेली.

सोमवारी वहिनी मशीनवर बसल्यावर दादाने मला जवळ ओढलं आणि सगळी सोडली, अगदी शेवटच्या खुंटीपर्यंत. मला वाटलं, आता परत तो डबा. पण त्याने तुकडे चटईवर पसरून हाताने चाचपत ढीग लावले. पट्ट्या लांबीप्रमाणे. दांडे वेगळे. मग म्हणाला, "अगं, जरा चित्र सांगतेस? फक्त चित्र. मी चुकलो तर बोलायचं नाही."

वहिनीने कबूल केलं. पण ती शिवणकाम करणारी, तिची भाषाच निराळी. "इथे शिवणीलगत एक छोटी पट्टी आहे. आणि काजं चार सोडून पाचव्यात गुंडी." दादाला ते बरोबर कळायचं. माझ्या जन्मात मला इतकं सुबक कुणी वाचलं नव्हतं.

चुकला की ती खरंच बोलायची नाही. फक्त तिचं मशीन थांबायचं.

"काय झालं?" दादा विचारायचा.

"दोरा संपला."

"सकाळपासून चौथ्यांदा संपला. आज दोऱ्याला काय झालंय?"

मग तो गालातल्या गालात हसून मागे जायचा, भोकं मोजायचा आणि चूक शोधायचा. दोन दिवसांनी वहिनीने खुर्ची उलटी फिरवली आणि त्याच्याकडे पाठ करून शिवू लागली. त्यानंतर दोरा संपला नाही. फोनवर ती धाकटीला हळूच म्हणाली, "इतक्यात येऊ नकोस. ते पुन्हा पहिल्यापासून लावतायत. एका ठिकाणी पाऊण तास अडले होते. मी गप्प बसले. फार जड जातं गं गप्प बसणं."

अकराव्या दिवशी मी उभी राहिले. पूर्वीपेक्षा खांबाला दोन पट्ट्या जास्त होत्या, त्या पुस्तकात नाहीत. त्या दादाच्या डोक्यातल्या.

त्यानेच धाकटीला फोन केला. "रविवारी ये. मोटर जोडायचीय. बघायला ये."

ती आली. दोघं आधी हवापाण्याचं बोलले. मग धाकटी म्हणाली, "लहानपणी तू मला हिला हात लावू द्यायचा नाहीस. किती राग यायचा मला. आणि या वेळी मी तुला तेच केलं."

"तेवीस वेळा," दादा म्हणाला.

"तेवीस वेळा," ती म्हणाली. "चुकलं माझं."

दादाने हवेत हात पुढे केला. तिचा खांदा सापडायला थोडा वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती हलली नाही. त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. "तेव्हाचं माझं पण चुकलं. नऊ दिवस जरा जास्तच झाले."

मग त्याने मला टेबलावर ठेवून मोटर लावली, दोरा ओवला आणि हुकाला वहिनीची कापड कापायची मोठी लोखंडी कात्री अडकवली. इतकं जड मी कधीच उचललं नव्हतं. दादाने बटण दाबलं. मोटर कण्हली, कात्रीचं टोक जरासं हललं आणि सगळं अडकलं.

धाकटीला लगेच दिसलं. वरच्या कप्पीतून दोरा बाहेर पडला होता आणि दांड्याला घासत होता. बोटाने ढकलला असता तरी काम झालं असतं. तिचा हात उठलासुद्धा. मग तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, आणि ओठ मिटले.

दादाने मोटरवर बोट ठेवलं. गिअर चाचपले. वर्म तपासला. खांब दाबून पाहिला. पुन्हा गिअर. त्याच्या कपाळाला घाम आला. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने नाकसुद्धा ओढलं नाही, कारण त्याला ते ऐकू आलं असतं. वहिनी पाठमोरी बसून एकाच शिवणीवर परत परत मशीन मारत होती.

मग दादाचं बोट दोऱ्यावर आलं. रिळापासून निघून तो दोरा धरून वर, आणखी वर. कप्पीपाशी थांबलं.

"हात्तिच्या," तो म्हणाला. "बाहेर पडलाय."

दोरा आत घालून त्याने बटण दाबलं. मी उचलायला लागले. अगदी हळू, मोटर एका सुरात घुमत होती. कात्री टेबलावरून सुटली तेव्हा तिच्या दोन पात्यांचा बारीकसा आवाज झाला. दादाने तिच्याखाली तळहात धरला आणि हळूहळू त्यांच्यातलं अंतर वाढू दिलं. मध्येच त्याने मोटर बंद केली. कात्री जिथल्या तिथे राहिली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनी उठली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मोटरच्या घरघरीने एक माणूस मात्र जिना चढून वर आला. इमारतीच्या तळाशी पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे, तिथला पंपवाला. आवाज कसला येतो, विचारायला आला होता. मला बघून तिथेच उकिडवा बसला. बोलता बोलता दादा त्याला म्हणाला, "सकाळी तुम्ही जो पंप चालवून बघत होतात ना, त्याचं मागचं बेअरिंग गेलंय. पुढचं बदललंत तर पंप परत येईल तुमच्याकडे."

पंपवाल्याने डोकं खाजवलं. "पुढचंच बदललं हो मी. आणि परत आलाय."

दुसऱ्या दिवशी तो पंप वर घेऊन आला. मग दर दोन दिवसांनी एकेक. शेवटी त्याचा गुडघा कुरकुरला आणि तो म्हणाला, "त्यापेक्षा तुम्हीच खाली येत जा की. आवाज ऐका आणि जोडणी करा. माझं एकट्याचं आटपत नाही."

दादाने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडल्याचा आणि दाराआडून काहीतरी उचलल्याचा आवाज आला. मग जिन्यावर काठीची टकटक, एकेक पायरी. वहिनी वर कठडा धरून उभी होती. ती त्याच्यामागे गेली नाही. या घरात आता सगळेच ते शिकले होते.

याला दीड वर्ष झालं. दादा रोज सकाळी दुकानात जातो आणि दुपारी ग्रीसचा वास घेऊन येतो. मी खिडकीच्या कट्ट्यावर उभी असते. रविवारी धाकटी येते. तिने स्वतःसाठी एक खोकं घेतलंय, एक लहानसा ट्रॅक्टर, आणि तो जोडताना ती दादापेक्षा जास्त चुका करते. तो तिला एकही सांगत नाही.

उद्या रविवार आहे आणि उद्या मला सोडणार आहेत. दोघांनी ठरवलंय की आता उचलता पूल करायचा, मधोमध उघडणारा, दोन्ही बाजूंना गिअर असलेला. त्याला माझ्या लांब पट्ट्या लागतील, वर्म लागेल, मोटर तर लागेलच. धाकटीने विचारलं, "तुला वाईट नाही वाटणार? ही अख्खी तू एकट्याने उभी केलीस." दादा म्हणाला, "वाटेल की. पण नुसती उभी ठेवून मी तिचं काय करू?"

मलाही थोडं वाटतंय. या खांबाची मला सवय झाली होती, खिडकीतून उन्हं माझ्या दोऱ्यावर यायची त्याचीही. पण डब्यातली पस्तीस वर्षं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा पुलात जाणं केव्हाही बरं. तेव्हा हा माझा क्रेन म्हणून शेवटचा निरोप.

जाता जाता एक मागणं आहे, उद्या जो कोणी या टेबलाशी असेल त्याच्यापाशी. माझ्या बुडातल्या खुंट्या फार घट्ट बसल्या आहेत. दादाला वेळ लागेल. कदाचित नख दुखेल, तो एखादी शिवीही हासडेल. तुम्ही मध्ये पडू नका. खुर्ची ओढून शेजारी बसा, चहा घ्या, इकडचं तिकडचं बोला. निघतील त्या त्याच्याकडून.